उष्ट्या चाऱ्यावरची कालवड

संध्याकाळी गोठ्यात वैरण टाकण्याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी दुभत्या गायी. त्यांच्यापुढे हिरवा मका, मूरघास, वर आंबोणाची पाटी. मग गाभण गायी. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर गव्हाणीत जे उरतं, म्हणजे मक्याची जाड दांडकी, उसाच्या वाढ्यांचे कडक बुडखे, तुडवलेला कडबा, ते गोळा करून शेवटच्या कोपऱ्यात नेऊन टाकलं जातं. त्या कोपऱ्यात आखूड दाव्याला दोन-तीन कालवडी बांधलेल्या असतात. पोट सुटलेलं, बरगड्या मोजता येतील अशा, काळ्या केसांवर तांबूस झाक आलेली. वय विचारलं तर कळतं, दीड वर्षाची आहे. दिसते दहा महिन्यांची.

हे कुणी दुष्टपणानं करत नाही. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो आणि घरखर्चाचं, कर्जाच्या हप्त्याचं, मुलांच्या फीचं गणित त्या पगारावर बसवलेलं असतं. जी गाय दूध देते ती त्या पगारात दिसते. कालवड दिसत नाही. ती दोन-अडीच वर्षं फक्त खाते, आणि जिचं उत्पन्न दिसत नाही तिच्या वाट्याला उष्टं येतं. पण तिच्यावर वाचवलेला पैसा नेमका कुठे जातो हे कागदावर मांडून पाहिलं, की चित्र उलटं होतं. म्हणून आधी हिशेबच करू.

संकरित होल्स्टिन गायीची कालवड जन्मताना साधारण २८ किलोची असते असं धरू. तिची आई पूर्ण वाढलेली, ४५० किलोची. कालवड भरवण्याजोगी कधी होते, याचं उत्तर वयात नसून वजनात आहे. पूर्ण वाढलेल्या गायीच्या वजनाच्या ५५ ते ६० टक्के वजन झालं की ती भरवायची. इथे ते २५० किलो येतं. म्हणजे जन्मापासून २२२ किलो कमवायचे आहेत. रोज ५०० ग्रॅम वाढली तर ४४४ दिवस लागतात, पंधरा महिन्यांच्या आत ती तयार होते. रोज ३०० ग्रॅमच वाढली तर ७४० दिवस लागतात, दोन वर्षांहून जास्त. दोन्हींच्या पुढे गाभणपणाचे नऊ महिने नऊ-दहा दिवस सारखेच. फरक राहतो २९६ दिवसांचा. गायीचं एक प्रमाण वेत ३०५ दिवसांचं मोजतात. रोजच्या २०० ग्रॅम वाढीत कसर केली, तर जवळजवळ एक अख्खं वेत हातचं जातं. त्या २९६ दिवसांचा चारा आणि राबणूक रोज ६० रुपये धरली, तरी पावणेअठरा हजार रुपये त्याच कोपऱ्यात जिरलेले असतात.

दहा गायींच्या गोठ्यात दरवर्षी दोन गायी तरी बदलाव्या लागतात. कुणाची कास जाते, कुणी गाभण राहत नाही, कुणी म्हातारी होते. कालवड दोन वर्षांची होऊन व्यायली तर गोठ्यात एका वेळी चार कालवडी पोसाव्या लागतात. तीन वर्षांनी व्यायली तर सहा. ही दोन जादा तोंडं कायमची. ज्यांना हे पेलत नाही ते लोणीच्या, काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारातून तयार गाय आणतात. त्यात गैर काही नाही. पण विकत आणलेल्या गायीबरोबर तिचा दूषित सड, तिची गोचीड आणि कधी कधी सांसर्गिक गर्भपाताचा जंतूही घरी येतो, आणि ती लहानपणी काय खाऊन वाढली हे विकणारा सांगत नाही.

आपल्याकडे ही अडचण इतकी मोठी का झाली, याचं एक कारण इतिहासात आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचं काम सुरू झालं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. पाच लिटरच्या गोठ्यात पंधरा लिटरची गाय आली. वंश एका पिढीत बदलला. वासराला वाढवण्याची रीत मात्र देशी गायीच्या काळातली राहिली. देशी वासरू आईच्या कासेला असायचं, दोन सड त्याचे, दोन घरचे. त्याला हळूहळू वाढायला चार वर्षं मिळत. संकरित वासराला घाई आहे. त्याच्या रक्तात वेगानं वाढण्याची ताकद आहे, आणि ती ताकद पुरवठा मागते.

तो पुरवठा पहिल्या तासापासून लागतो. गायीची वार अशा बांधणीची असते की आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं गर्भापर्यंत पोहोचतच नाहीत. माणसाचं बाळ आईकडून ती पोटातच घेऊन येतं. वासरू रिकाम्या हातानं जन्मतं. त्याची सगळी शिदोरी चिकात असते. वासराच्या आतड्याला जन्मानंतर काही तासच एक विलक्षण मुभा असते. ही मोठाली प्रतिद्रव्यं न पचवता, जशीच्या तशी रक्तात घेण्याची. दार उघडं असतं तोवर आत गेलं ते गेलं. दर तासाला ते मिटत जातं आणि चोवीस तासांत पुरतं बंद होतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो नुसता आहार.

आता आपल्या गोठ्यात काय होतं पाहा. गाय व्याली, वासरू धडपडत उभं राहिलं, कासेकडे तोंड नेलं, की घरातलं मोठं माणूस सांगतं, “थांब गं, वार पडू दे आधी, मग पाज. नाहीतर वार अडकंल.” ही समजूत गावोगाव आहे आणि ती काळजीपोटी आहे, म्हणून तिची थट्टा करावी असं मला वाटत नाही. पण शरीराचं म्हणणं नेमकं उलट आहे. वासरू सड ओढतं तेव्हा गायीला पान्हा फुटतो. पान्हा आणणारं ऑक्सिटोसिन हेच संप्रेरक गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतं. म्हणजे वासराचं पिणं वार पडायला मदत करतं. वार पडायला बारा तासही लागू शकतात आणि ते नेहमीचंच मानलं जातं. तितका वेळ वासरू उपाशी ठेवलं, तर दार अर्ध्याहून जास्त मिटलेलं असतं. महिन्याभरानं तेच वासरू हगवणीनं गेलं, तर दोष हवेला, पाण्याला, नजरेला दिला जातो. त्या पहिल्या रात्रीची आठवण कुणालाच राहत नाही.

किती पाजायचा? वजनाच्या दहा टक्के ही सोपी खूण. ३० किलोच्या वासराला तीन लिटर. त्यातले दोन लिटर पहिल्या दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. पहिल्या धारेचा चीक सर्वांत कसदार. दुसऱ्या वेळच्या चिकात प्रतिद्रव्यं निम्म्याच्या आसपास उतरतात. इथे खरवसाचा विषय निघतोच. खरवस न आवडणारा मराठी माणूस मला क्वचितच भेटला, आणि पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस घट्ट होतो म्हणून शेजारीपाजारीही वाट बघत असतात. चांगली गाय वासराच्या गरजेहून जास्त चीक देते, तेव्हा खरवस सोडायची गरज नाही. फक्त वासराचा वाटा आधी काढायचा, आणि एक-दोन लिटरच्या बाटल्या भरून शीतपेटीत गोठवून ठेवायच्या. एखादी पहिलारू व्याल्यावर कासेत चीकच नसतो, तेव्हा ती बाटली जीव वाचवते. ती कोमट पाण्यात बुडवून वितळवायची. उकळत्या पाण्यात टाकली तर प्रतिद्रव्यं शिजून जातात.

चीक कसदार आहे का हे डोळ्यांना नीट कळत नाही. दाट, पिवळा चीकही कधी पोकळ निघतो. पण नाशिक, तासगाव भागात घराघरात असलेलं एक साधन इथे कामाला येतं. द्राक्षाची गोडी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर. त्याच्या काचेवर चिकाचा एक थेंब ठेवायचा. ब्रिक्स २२ किंवा त्याहून वर आला तर चीक उत्तम. खाली आला तर जास्त पाजायचा किंवा गोठवलेल्यातला काढायचा. बागेतलं साधन गोठ्यात आणायला चार पावलं लागतात, तरी फार थोड्या गोठ्यांत ते दिसतं.

चिकाबरोबरच नाळ. शरीरापासून दोन-अडीच इंचांवर कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. ओली नाळ शेणात लोळली की बेंबी पिकते, जंतू रक्तात शिरतात आणि पंधरा दिवसांनी गुडघे सुजलेलं वासरू लंगडायला लागतं.

यानंतर दुधाचे दोन महिने येतात, आणि पगाराशी खरा झगडा इथेच होतो. रोज चार लिटर दूध साठ दिवस पाजलं तर २४० लिटर होतं. लिटरला ३५ रुपये धरले तर ८,४०० रुपये. डेअरीला न गेलेले हे पैसे डोळ्यांना खुपतात. म्हणून कुणी दीड लिटरवर भागवतं, कुणी महिन्यातच दूध तोडतं. वसुबारसेला आपण गाय-वासराची जोडीनं पूजा करतो आणि त्या दिवशी कितीतरी घरांत दूध-तूप खात नाहीत. वर्षातला तो एक दिवस वासराला मिळतो. त्याला साठ दिवस हवे असतात.

कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये आपल्या गोठ्यातल्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केलेला निष्कर्ष इथे सांगण्याजोगा आहे. दूध तोडण्याआधीच्या काळात वासराची रोजची वाढ जितकी जास्त, तितकं तिचं पुढे पहिल्या वेताचं दूध जास्त. त्यांच्या आकडेवारीत रोजच्या वाढीतल्या १ किलो फरकामागे पहिल्या वेतात ८५० किलो दुधाचा फरक पडला. तिथल्या शुद्ध होल्स्टिन गायी आणि आपल्या संकरित गायी यांची बरोबरी करू नये, हा आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण दिशा पक्की आहे. पाजलेलं दूध दोन वर्षांनी कासेतून परत येतं.

दूध पाजताना आणखी एक गोष्ट सांभाळायची असते. जन्मताना वासराचं कोटीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचं ते प्रसिद्ध मोठं पोट, लहान आणि झोपलेलं असतं. काम करत असतं ते चौथं पोट. वासरू मान वर करून चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी एक घडी मिटून नळी तयार होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. म्हणून निपल असलेली बाटली किंवा निपलची बादली, कासेच्या उंचीवर धरलेली, सर्वांत चांगली. जमिनीवर ठेवलेल्या घमेल्यात तोंड खुपसून घाईघाईनं पिणारं वासरू पुढे दिवसभर दुसऱ्या वासराची बेंबी आणि सड चोखत बसतं. अशा चोखलेल्या सडाची किंमत ती व्यायल्यावर कळते. पहिल्याच वेताला एका सडाला दगडी होते, किंवा सड मुका निघतो.

कोटीपोट जागं कशानं होतं? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. आपण म्हणतो, चारा घाला, पोट वाढेल. पोट वाढतंही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठानं सहा आठवड्यांच्या वासरांच्या कोटीपोटाचे फोटो प्रसिद्ध केले आहेत, ते एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. नुसत्या दुधावरच्या वासराचं पोट आतून गुळगुळीत आणि फिकं. दूध आणि सुका चारा मिळालेल्याचं आकारानं मोठं, पण आतून जवळजवळ तसंच बोडकं. दूध आणि धान्याचा खुराक मिळालेल्याचं आतून काळपट, दाट केसाळ गालिच्यासारखं. ते केस म्हणजे अन्नरस शोषणारे अंकुर. धान्य आंबताना ब्यूटिरिक आम्ल तयार होतं आणि ते या अंकुरांना वाढवतं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसापासून मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा धान्याचा खुराक, समोर ठेवायचं, रोज ताजं, ओलं झालेलं काढून. त्याच्याजवळ पाण्याची बादली. वासराला दूध आहे, पाणी कशाला, असं विचारणारे खूप भेटतात. दूध घडीतून चौथ्या पोटात जातं. कोटीपोटात धान्य आंबवणारे सूक्ष्मजीव पाण्याशिवाय जगत नाहीत. ते पाणी बादलीतूनच जाणार.

दूध कधी तोडायचं तेही दिनदर्शिकेवर ठरवू नये. वासरू सलग तीन दिवस रोज एक किलो स्टार्टर खातंय, तर तोडायला हरकत नाही, आणि तेही आठवडाभर हळूहळू कमी करत. पोट सुटलेली कालवड आपल्याला धष्टपुष्ट वाटते. ते पोट बहुतेक वेळा न पचलेल्या कडब्याचं आणि जंतांचं असतं.

आजारांची यादी लांब आहे, थोडक्यात सांगतो. पहिल्या तीन आठवड्यांतली हगवण वासराला मारते ती जंतूंपेक्षा जास्त पाणी आटल्यामुळे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी, ती दोन-तीन सेकंद तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले, की क्षार-साखरेचं पाणी सुरू करून डॉक्टरांना बोलवायचं. दूध बंद करायचं नाही, ते आणि क्षारांचं पाणी वेगवेगळ्या वेळी द्यायचं. महिन्याभरानं येते ती रक्ती हगवण, गर्दीच्या ओल्या जागेची. गोलजंत तर आईच्या दुधातूनच येतात, म्हणून जंताचं पहिलं औषध दहाव्या-बाराव्या दिवशीच डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्यावं. म्हशीच्या पारडीला तर ते हमखास. शिंगांचे कोंब दोन-तीन आठवड्यांतच, भूल देऊन जाळून घ्यावेत. मोठेपणी शिंग कापणं हा छळ आहे. लाळ्या-खुरकुताची लस चौथ्या महिन्यापासून. २०२२ मध्ये लम्पी राज्यभर पसरला तेव्हा लस न मिळालेल्या वासरांनी काय भोगलं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना लसीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

एका लसीसाठी मात्र थांबायला हवं. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच दिली जाते. ती संधी गेली की गेली. हा रोग माणसालाही होतो. महिनोन्महिने उतरचढ करणारा ताप आणि सांधेदुखी घेऊन फिरणाऱ्या गोपालकांना आपल्या दुखण्याचा उगम गोठ्यात आहे हे पुष्कळदा उशिरा कळतं. लस जिवंत जंतूंची असते, सुई स्वतःला टोचली तरी आजार होऊ शकतो, म्हणून ती प्रशिक्षित माणसानंच द्यावी. २०१९ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिचा समावेश आहे.

तीन महिन्यांपासून वयात येईपर्यंतचा काळ शांत वाटतो. वासरू आजारी नसतं, लाडकंही राहिलेलं नसतं. ते कोपऱ्यात जातं ते याच वयात. आणि याच वयात तिची कास घडत असते. या सहा-सात महिन्यांत दूधग्रंथींची ऊती बाकीच्या शरीरापेक्षा वेगानं वाढते. बाहेरून काहीच दिसत नाही, चार बारीक सड तेवढे दिसतात. इथे उपासमार जशी नडते तशी खादाडीही नडते. क्रिस्टन सेयर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं की वयात येण्याआधी भरमसाट खाऊ घातलेल्या कालवडींच्या कासेत दूधग्रंथींची ऊती कमी भरते. वयात आल्यानंतर तसंच खाऊ घातलं तर हा परिणाम दिसत नाही. आपल्याकडे कालवडीला खादाडी घडण्याची भीती कमी. पण कुणी हौसेनं मक्याच्या भरड्यावर गुबगुबीत कालवड तयार करतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं. चरबी नको, हाड आणि मांस हवं. त्यासाठी प्रथिनं हवीत. लसूणघास, पेंड, आणि रोज खनिज मिश्रण. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या कालवडीचं हाड धरत नाही. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटनं कॅल्शियम बांधलं जातं, खाल्लेलंही अंगी लागत नाही.

वाढ होतेय की नाही हे कळायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजायचा, इंचांत. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं, आणि ६६० नं भागायचं. घेर ६० इंच आणि लांबी ४८ इंच असेल तर वजन साधारण २६२ किलो. ही कालवड भरवायला तयार आहे, तिचं वय चौदा महिने असो की वीस. महिन्यातून एकदा, दुधाच्या पगाराच्या दिवशी, हा आकडा भिंतीवर खडूनं लिहायचा. माझ्या पाहण्यातले चांगले गोठे या एका सवयीवरून ओळखू येतात. बहुतेक ठिकाणी तो आकडा घरातल्या बाईच्या अक्षरात असतो, कारण वासरं तिच्याच हाताखाली वाढतात.

भरवण्याआधी एक शंका मिटवून घ्यावी. कालवड जुळ्यातली आहे का, आणि जोडीला गोऱ्हा होता का? असेल तर दहापैकी नऊहून अधिक वेळा ती वांझ असते. पोटात दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या जुळतात आणि गोऱ्ह्याची संप्रेरकं तिच्या गर्भाशयाची वाढ खुंटवतात. लंडनच्या जॉन हंटर यांनी १७७९ मध्ये अशा गायींचं विच्छेदन करून वर्णन लिहिलं होतं. तिला दोन वर्षं पोसून मग डॉक्टरांना दाखवण्याऐवजी पहिल्या महिन्यातच तपासून घेता येतं. तिचा योनीमार्ग नेहमीच्या निम्म्याहून आखूड असतो.

हल्ली कालवडी होण्याची शक्यताही हातात आली आहे. बैलाच्या वीर्यात मादी घडवणाऱ्या शुक्राणूत नर घडवणाऱ्यापेक्षा पावणेचार टक्क्यांच्या आसपास जास्त डीएनए असतो. एवढ्याशा फरकावर यंत्र त्यांना वेगळं करतं, आणि अशा निवडलेल्या वीर्याच्या कांडीपासून दहात नऊ वेळा कालवड होते. ही कांडी पहिल्यांदा भरवायच्या कालवडीतच वापरावी असं मी सुचवतो. तिची गाभण राहण्याची क्षमता सर्वांत चांगली असते, आणि मादी वासरू आकारानं थोडं लहान असल्यानं पहिलं बाळंतपण सोपं जातं. मात्र वर्षाला दहा कालवडी जन्माला घालून दहाही उष्ट्या चाऱ्यावर टाकणार असाल, तर कांडीवर खर्च करू नका. चार नीट वाढवा.

गाभण राहिल्यावर सातव्या महिन्यापासून तिला दुभत्या गायींच्या शेजारी बांधायला सुरुवात करावी. रोज कासेवरून, पोटावरून हात फिरवावा, दूधयंत्राचा आवाज कानावर पडू द्यावा. पहिल्या धारेला लाथ मारणारी पहिलारू स्वभावानं खट्याळ नसते, तिच्या कासेला त्याआधी कधी हातच लागलेला नसतो. व्यायल्यानंतर तिचं वजन ३७० ते ३८० किलो असायला हवं, पूर्ण गायीच्या वजनाच्या पाच भागांतले चार भाग आणि वर थोडं. उरलेलं ती पहिल्या आणि दुसऱ्या वेतात भरून काढते. दूधही देते, पोटात पुढचं वासरूही धरते आणि स्वतःही वाढते. म्हणून तिच्या दुधापुरतं मोजून आंबोण देऊ नये, वाढीचं एक-दीड किलो वेगळं द्यावं. आणि गव्हाणीत तिची जागा थोरल्या गायींपासून वेगळी हवी. मोठ्या गायी तिला शिंगानं ढकलतात, आणि ती पुन्हा उरलेलं खाण्यासाठी मागे उभी राहते.